निवड झाल्याबद्दल

रघु गायकरला आयुष्यात जिथे जिथे बोलावणं आलं, तिथलं काम आधीच ठरलेलं असायचं. बिल्डरनं ऑफिसात बोलावलं तेव्हा जमिनीचा सौदा झालेला होता, सही तेवढी राहिलेली. सासऱ्यानं चहाला बोलावलं तेव्हा लग्न ठरलेलं होतं, पोहे नुसते रीत म्हणून. एकदा पोलीस ठाण्यातून बोलावणं आलेलं, तिथंसुद्धा कागदावर कुणाचं नाव घालायचं ते साहेबानं ठरवूनच ठेवलेलं. तेव्हा मुलीला एवढ्या मोठ्या कॉलेजनं बोलावलं म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? रघूनं त्याच्या अकलेप्रमाणे समजून घेतलं, आणि तिथंच माती खाल्ली.

डोंबिवलीजवळ, मानपाड्याच्या आतल्या अंगाला, कंपन्यांच्या पाठीमागे त्यांचं गाव. गाव म्हणायचं इतकंच, शेत एकही उरलेलं नाही. रघूची चार मजली बिल्डिंग, खाली गाळे, वर भाडेकरू आणि मधल्या मजल्यावर ही तीन माणसं: तो, लक्ष्मी आणि एकुलती एक कृतिका. कृतिकाची बारावी झालेली. तिला नद्या आणि खाड्यांचं शास्त्र शिकायचं होतं आणि ते बंगळूरच्या एका विद्यापीठात चार वर्षं शिकवत. देशभरातून दीडशे पोरं मुलाखतीला बोलावलेली, जागा पंचवीस. गुरुवारी दुपारी तिला ईमेल आला, तुझी मुलाखत सोमवारी, ठाण्यात.

तिची तयारी आधीपासूनच चालू होती. लक्ष्मीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून कृतिकानं प्रश्न देवनागरीत लिहून दिलेले. लक्ष्मी पदर खोचून, चष्मा लावून खुर्चीत बसे आणि न अडखळता विचारी, "टेल अस समथिंग अबाऊट युवरसेल्फ." अर्थ माहीत नसताना बाई इतक्या रुबाबात विचारायची की रघूलाच सोफ्यावर बसल्या बसल्या घाम फुटे.

त्या गुरुवारी लक्ष्मीनं शेवटचा प्रश्न विचारला. कृतिकानं इंग्रजीत घडाघडा उत्तर दिलं आणि आईच्या तोंडाकडे बघून हसली. "आई, तू विचारलंस, आम्ही नाही घेतलं तर काय करशील? मी बोलले, डोंबिवलीच्या कॉलेजात बीएस्सी करेन. दर रविवारी वही घेऊन खाडीवर जाईन, पाणी तपासेन, पक्षी मोजेन. तुम्ही जे शिकवणार ते मला उशिरा येईल, पण येईल."

"पास," लक्ष्मी म्हणाली.

रघूची छाती फुगली. आपल्या घरात असं बोलणारं माणूस जन्माला आलं याचंच त्याला नवल वाटत होतं. तो चप्पल घालून नाक्यावर गेला. पानाच्या टपरीशी त्याचा धाकटा भाऊ कमलेश उभा होता. कमलेश गेली आठ वर्षं भावी नगरसेवक होता. निवडणूक पुढे जायची, पण याचं भावीपण काही पुढे सरकत नव्हतं.

"कमल्या, पोरीचा काम झाला," रघु म्हणाला. "बंगळूरवाल्यांनी बोलावला हाय."

"दादा, एवरी मोठी गोष्ट तू अशी पान खात सांगतंस?"

मुलाखत बाकी आहे, हे रघूनं सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. पण ज्या आवाजात माणूस 'सही तेवढी बाकी आहे' म्हणतो त्या आवाजात सांगितलं, आणि कमलेशनंही ते त्याच कानानं ऐकलं. दोघं भाऊ एकाच आईचे, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी नाक्यावर वीस फुटी बॅनर लागला. हार्दिक अभिनंदन. आपल्या गावची शान कु. कृतिका रघु गायकर हिची बंगळूर येथील जागतिक दर्जाच्या विद्यापीठात निवड झाल्याबद्दल. कृतिकाचा फोटो चुलत बहिणीच्या हळदीतला, गालाला हळद तशीच. तिच्या दुप्पट मोठा कमलेशचा, हात जोडलेला, आणि वर रांगेनं पक्षाचे नेते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे तर नवऱ्याचा पत्ता नव्हता आणि बाशिंग नाक्यावर टांगलेलं.

कृतिकाला मैत्रिणीनं फोटो पाठवला तेव्हा ती दात घासत होती. ती तशीच बाहेर आली. "काकाला कोण बोललं माझी निवड झाली म्हणून?"

रघूनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. लक्ष्मीनं त्याच्याकडे बघितलं. तिला कळलं. पण लेकीसमोर तिनं त्याला उघडं पाडलं नाही, आणि त्या उपकाराची रघूला पुढे तीन आठवडे लाज वाटत राहिली.

कृतिका काकाच्या ऑफिसात गेली. मागोमाग रघूही गेला.

"काका, तो उतरवा ना प्लीज. माझा इंटरव्ह्यू सोमवारी आहे. दीडशेतून पंचवीस घेणार."

"मंग? इंटरव्ह्यू सोमवारी, बॅनर शुक्रवारी. तीन दिवसांचाच फरक हाय."

"आणि नाही झालं तर?"

कमलेशनं दारात उभ्या असलेल्या पोरांकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "बाय, वर साहेबांचा फोटो हाय. आपल्या हातानं उतरवला तर बोलतील, कमल्यानं पक्ष सोडला. तू टेन्शन घेऊ नको. तू फक्त पास हो." आणि रघूकडे वळून म्हणाला, "सांग ना दादा तिला."

तेव्हा रघूनं सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे, मी पुढे पुढे केलं, आत्ताच्या आत्ता उतरव. तो म्हणाला, "बघू."

दुपारपासून माणसं यायला लागली. पेढे, बुके, नारळ. गावात कधी न दिसणाऱ्या आत्या, मावश्या. कृतिका आतल्या खोलीत कागद घेऊन बसे आणि दर पंधरा मिनिटांनी तिला पाया पडायला बाहेर बोलावत. शनिवारी तिनं आतून कडी लावली, तर बाहेरच्या बायका म्हणाल्या, शिकलेली पोर, लगेच शिंगं फुटली बघा. लक्ष्मीनं मग तिला बाहेर काढलं. संध्याकाळी लक्ष्मी पुन्हा प्रश्नांचा कागद घेऊन बसली. सगळी उत्तरं आली. शेवटच्या प्रश्नाला कृतिका थांबली.

"पुढचा विचार," ती म्हणाली.

"पुढचा नाय. यो शेवटचा हाय."

"मग राहू दे."

रविवारी संध्याकाळी गावदेवीच्या सभामंडपात सत्कार. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सत्कार, असं याआधी कुठे झालं असेल तर कळवावं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, तीनशे खुर्च्या. कमलेशनं माइकवरून सांगितलं की आता आपली कृतिका गावच्या मुलामुलींना मार्गदर्शन करील, मुलाखतीत काय विचारलं, तिनं काय उत्तरं दिली.

कृतिका माइकपाशी गेली. रघु पहिल्या रांगेत बसलेला. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या मनात काय आहे ते त्याला कळलं. अडवावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"माझी निवड झालेली नाही," कृतिका म्हणाली. आवाज स्पष्ट होता. "मुलाखत उद्या आहे. अजून काहीच झालेलं नाही. चुकून बॅनर लागलाय. तुम्ही सगळे आलात, पण खरंच अजून काही झालेलं नाही."

शेवटच्या रांगेत एक बाळ रडत होतं तेवढंच. आणि मग कमलेश उठला, माइक हातात घेतला आणि आठ वर्षांच्या भावीपणात जे काही शिकला होता ते सगळं त्यानं तिथं कामाला लावलं. "बघा," तो म्हणाला, "याला बोलतात संस्कार. एवरं यश मिळवून पोरगी बोलते, अजून काहीच झालेला नाय. आयुष्यात रोजच मुलाखत असते, हेच ती सांगत होती." टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी डोळे पुसले. एक म्हातारी उठून कृतिकाची दृष्ट काढून गेली. रघूनंही टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे सगळे वाजवत होते आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही.

सोमवारी तो तिला ठाण्याला घेऊन गेला. एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर मुलाखती होत्या, पालकांना खाली बसायला बाकडी. कृतिका वर गेली. रघु गावदेवीला नवस बोलला, मग वाटलं एवढ्यावर भागणार नाही, म्हणून कुलदेवतेलाही बोलला. शेजारी एक बाई मुलाची फाइल कवटाळून बसलेली. तिनं विचारलं, "तुमची पहिलीच मुलाखत का?" तो पाणी प्यायला उठला.

पंचवीस मिनिटांनी कृतिका खाली आली. दोघं गाडीत बसले. माजिवड्याचा पूल मागे पडला तेव्हा म्हणाली, "सगळं चांगलं झालं. खाडीबद्दल विचारलं, ते सांगितलं. एक सर तर हसत होते, छान हसत होते."

"मंग?"

"मग त्यांनी विचारलं, आम्ही नाही घेतलं तर काय करशील."

रघु रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला.

"मला आठवत होतं उत्तर, पप्पा. पाठ होतं. पण ते खोटं झालेलं ना. डोंबिवलीत कॉलेज करेन असं कसं बोलू? नाक्यावरून रोज कशी जाऊ मी? मी बोलले, मला नाही माहीत. बोलले, प्लीज मला घ्या. आणि रडले. ते सर पाणी द्यायला उठले. त्यांना वाटलं असेल, हिला एवढा धक्का सोसत नाही तर ही शिकणार काय."

चार दिवसांपूर्वी याच पोरीला हरायची भीती नव्हती. हरली असती तरी वही घेऊन खाडीवर गेली असती. ती वाट आपण पान खाता खाता बंद केली, हे रघूला त्या क्षणी सरळ सरळ कळलं. त्याला गाडी बाजूला घेऊन तिच्यापुढे नाक घासावंसं वाटलं. पण तो चालवत राहिला, कारण चाळीस वर्षांत त्यानं कुणाची माफी मागितलेली नव्हती आणि ती कशी सुरू करतात हे त्याला येत नव्हतं.

निकाल दहा दिवसांनी आला. दोन ओळींचा. आपण अर्ज केल्याबद्दल आभार, यंदा जागा देता येत नाही. कृतिकानं फोन पलंगावर उलटा ठेवला आणि त्यानंतर घरात बोलणंच बंद केलं. जेवायला ये म्हटलं की यायची, उठ म्हटलं की उठायची. लक्ष्मीनं एकदा तिला जवळ घेतलं, तर ती अंग ताठ करून तशीच बसून राहिली.

रघूनं भावाला घरी बोलावलं. कमलेशनं आधी कपाळाला हात लावला, मग खुर्ची पुढे ओढली. त्यानं वाट काढलेली होती. "गावाला कळता कामा नये. तिला वर्षभर उरणला मामाकडं ठेवू. गावाला वाटंल बंगळूरला गेली. पुढच्या वर्षी परत मुलाखत देईल. दिवाळीला चार दिवस यायचा, तिकडच्या गोष्टी सांगायच्या, परत जायचा. कोन बघायला जातंय?"

"आणि शिकायचा काय तिनं वर्षभर?" लक्ष्मीनं विचारलं.

"वहिनी, एक वर्षाचा तर प्रश्न हाय."

रघु म्हणाला, "बघू." आणि त्याच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता.

निघायचा दिवस आला. कमलेशनं गावाला सांगून ठेवलेलं, पोरगी विमानानं चालली. सकाळपासून अंगणात माणसं. सगळ्यांत मोठा हार आणला तानाजीनं. तानाजी त्यांच्याच आळीतला, त्याची मुलगी प्रीती कृतिकाच्या बरोबरची. "आमच्या प्रीतीला पन जरा सांगत जा गो फोनवर," तो म्हणाला. कृतिका हार घालून, बॅग घेऊन कमलेशच्या पांढऱ्या गाडीत बसली. बायकांनी ओवाळलं. पोरं गाडीमागे नाक्यापर्यंत धावली. ज्या गावाला जायचं नाही त्या गावासाठी पोरीची इतकी पाठवणी झाली, आणि सगळा वेळ रघु हात जोडून हसत उभा होता. त्याचे गाल दुखायला लागले.

शीळफाट्याला गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. कमलेश चालवत होता, रघु त्याच्या शेजारी, मागे लक्ष्मी आणि कृतिका. एसीमध्ये हाराच्या फुलांचा वास कोंदलेला. दहा मिनिटं गाडी जागची हलली नाही. मग लक्ष्मी बोलली, समोर बघत, कुणालाच उद्देशून नाही.

"डोंबिवलीच्या यादीत तिचा नाव लागलाय. फॉर्म तिनं आधीच भरलेला. तिसरी यादी हाय. आज चारपर्यंतच घेतात, मंग नाय."

"वहिनी, आथा यो विषय काढू नका," कमलेश म्हणाला.

रघूनं मान वळवली. "कागद कुठं हायत?"

"बॅगेत," लक्ष्मी म्हणाली. "सगळे. दाखला बी हाय."

"दादा, ऐक," कमलेश म्हणाला. "ती परत दिसली तर गावात माझा नाक राहील का? वॉर्ड गेला समज माझा. आठ वर्षं..."

"नाक माझा कापंल, कमल्या. बोललेलो मी." रघु मागे वळला तो पूर्णच वळला, सीटच्या पट्ट्यानं गळा आवळला तरी. "कृतिका. त्या दिवशी काकाला मीच सांगितला. झाला काम, असा बोललेलो. काकाची चूक हाय, पन सुरुवात माझी हाय. सत्काराला तू खरा बोललीस तवा मी टाळ्या वाजवत बसलेलो. मना उठायला पायजे होता."

कृतिका खिडकीबाहेर बघत होती. निकाल लागल्यापासून तिनं त्याच्याशी शब्द बोललेला नव्हता. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलेलं. पाणी पीत होतात ना तुम्ही. मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलता त्याची."

रघूनं पट्टा काढला आणि दार उघडलं. मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत शिव्या द्यायला लागला. त्यानं डिकी उघडून बॅग बाहेर ओढली. कृतिकानं हार काढून सीटवर ठेवला आणि उतरली. लक्ष्मी आधीच रस्ता ओलांडून रिक्षा थांबवत होती. कमलेश काच खाली करून काहीतरी ओरडत होता, पण मागून हॉर्न इतके वाजत होते की काही ऐकू आलं नाही.

कॉलेजात पोचले तेव्हा सव्वातीन झालेले. खिडकीसमोर लांब रांग. उकाडा मरणाचा, पंखा नुसता आवाजाला. रघु बॅग घेऊन रांगेला लागला आणि समोर बघतो तर चार माणसं सोडून तानाजी, प्रीतीला घेऊन. सकाळच्याच इस्त्रीच्या शर्टात.

तानाजीनं आधी रघूला बघितलं, मग कृतिकाला, मग बॅगेला. रांग सोडून तो मागे आला. "दादा? इमान चुकला काय?"

रघूच्या जिभेवर तीन खोटी उत्तरं तयार होती. कागद घ्यायला आलो, दाखला राहिला, इमान रात्रीचा हाय. तिन्ही चालली असती. त्याच्या दंडाला काहीतरी लागलं. कृतिकानं त्याची बाही धरलेली होती.

"बंगळूरला तिचा नाय झाला," रघु म्हणाला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली, म्हणून त्यानं आवाज आणखी वाढवला, म्हणजे परत सांगायला नको. "तवा पन झाला नव्हता. मुलाखत व्हायच्या आधीच मी गावभर बोललो, त्याचा बॅनर झाला. पोरीनं माइकवर खरा सांगितला, तुमी टाळ्या वाजवल्या, मी पन वाजवल्या. चूक माझी हाय. ती आथा इथं शिकनार."

सकाळच्या हाराचा हिशोब तानाजीच्या तोंडावर दिसत होता. मग त्यानं खिशातून फोन काढला, आणि रघु बघतोय हे लक्षात आल्यावर फोन हातातच धरून घुटमळला.

"लाव," रघु म्हणाला. "माझ्यादेखत लाव. म्हनजे काय राहिला तर मी सांगेन."

आणि तानाजीनं लावला. माणूसच तो, त्याला कसं राहवणार. पलीकडे कुणी उचललं आणि तो भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला, "अरे, ऐक ना, रघुदादाची पोरगी..."

रांग पुढे सरकली. प्रीतीनं मागे येऊन कृतिकाची बॅग आपल्या बाजूला ओढून घेतली, काही न बोलता. खिडकीतल्या बाईनं फॉर्म बाहेर सरकवला आणि पालकांची सही मागितली. रघूनं खिसे चाचपले. कृतिकाचा हात अजून त्याच्या बाहीवरच होता.

"पप्पा, पेन?"

पेन नव्हतं. तानाजी फोनवर बोलत बोलतच वळला, शर्टाच्या खिशातलं पेन काढून रघूच्या हातात दिलं, आणि परत भिंतीकडे तोंड करून पुढचं सांगायला लागला.